आधी जवारी, मग लाकूड

प्रश्न: सहा वर्षं फ्रेटवाला बेस वाजवतेय. बँडमध्ये दोन गिटार, ड्रम्स आणि मी. आता फ्रेटलेस, म्हणजे बोर्डावर धातूच्या आडव्या पट्ट्या (फ्रेट) नसलेला, घ्यायचाय. मला तो गाणारा, गळ्यातून आल्यासारखा आवाज हवाय, पण आमच्या दोन गाण्यांना उभ्या डबल बेससारखा गोल, आखूड आवाजही लागतो. दोन बेस बघून ठेवलेत. एक फेंडरच्या जॅझ बेसच्या धर्तीचा: दोन पिकअप (तारेचं हलणं पकडून ॲम्पकडे पाठवणारे), रोझवुडचा फिंगरबोर्ड, फ्रेटच्या जागी रेघा. दुसरा अर्धपोकळ: ब्रिजमध्ये, म्हणजे तारांच्या घोडीत, पिएझो पिकअप, एबनी या कडक लाकडाचा बोर्ड, रेघा नाहीत, काळ्या नायलॉनच्या तारा. एक मित्र म्हणतो, एबनी नसेल तर फ्रेटलेस घेऊच नकोस. दुसरा म्हणतो, पैसे कशाला घालवतेस, जुन्या बेसचे फ्रेट उपट आणि वर इपॉक्सीचा कडक लेप ओत. दुकानात मला दुसरा बेस भारी वाटला, पण फोनवर केलेलं रेकॉर्डिंग घरी ऐकलं तर नुसतं धब् धब्. काय घेऊ?
– खर्जवेडी

खर्जवेडी,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय. दुकानात भारी वाटलेला बेस घरी ऐकल्यावर नुसता धब् धब् का झाला? फोनला दोष देऊ नका. फोनचा इवलासा माइक आणि त्याहून इवलासा स्पीकर खर्ज गिळतात हे खरं, पण मधली पट्टी ते व्यवस्थित पकडतात आणि फ्रेटलेसचं गाणं असतं ते या मधल्या पट्टीतच. ते तिथं असतं तर फोनने सगळ्यात आधी तेच तुम्हाला ऐकवलं असतं. दुकानात तुम्हाला जे भारी वाटलं ते पोटाला जाणवणारं होतं. ॲम्प मोठा होता, खोली छोटी होती आणि आवाज जमिनीतून येत होता. ते सुख खोटं नाही, पण तुम्ही मागताय ते वेगळं आहे.

म्हणून उत्तर आधीच सांगतो: पहिला घ्या. का, ते जरा ऐसपैस सांगायला हवं, कारण तुमच्या दोन्ही मित्रांनी लाकूड आणि लेप यांच्या गोष्टी सांगितल्या आणि मुख्य गोष्ट राहून गेली.

फ्रेटवाल्या बेसवर तुम्ही तार दाबता तेव्हा तिचं टोक धातूच्या धारेवर टेकतं आणि तिथून ती थेट मोकळ्या हवेत जाते. सूर लख्ख सुरू होतो आणि हळूहळू विझतो. फ्रेटलेसवर ती धार नाही. तारेचं टोक तुमच्या बोटाच्या मांसाखाली, लाकडावर दाबलेलं असतं. बोट वरचे स्वरांश (मूळ सुरासोबत वाजणारे बारीक सूर) थोडे खातं, म्हणून सुरुवातीचा टणत्कार बोथट होतो. पण खरी गंमत बोटाच्या पुढं आहे. तिथून तार बोर्डापासून इतक्या कमी कोनाने सुटते की कंप पावताना काही अंतर ती बोर्डाला हलकेच चाटत राहते. त्या चाटण्यातून मधले आणि वरचे स्वरांश परत भरले जातात, तेही एकदम नाही, तर क्षणभराने. सूर आधी मिटलेला असतो आणि मग तोंड उघडतो. जगभरचे बेसवादक या उघडण्याला 'म्वा' म्हणतात. ओठ मिटून 'म' आणि मग 'वा'. शब्द बालिश आहे, पण याहून नेमका शब्द कुणाला सापडलेला नाही.

आपल्याकडे याला जुना आणि जास्त देखणा शब्द आहे. तंबोऱ्याची जवारी आठवा. घोडीचा माथा किंचित बाक देऊन घासलेला असतो, तार त्यावरून निसटत्या कोनाने सुटते आणि छेडलेला सूर तिथल्या तिथं न संपता उमलत जातो. फ्रेटलेसचा म्वा याच कुळातला. फरक इतकाच की तंबोऱ्याची जवारी घोडीवर एका जागी असते, आणि फ्रेटलेसवर बोट जिथं ठेवाल तिथून पुढचा बोर्ड तुमची घोडी होतो. सतारीचे कारागीर खुली जवारी आणि बंद जवारी असा भेद करतात ना, तसा फ्रेटलेसचाही करता येतो. तुमचा 'गाणारा' आवाज म्हणजे खुली जवारी. डबल बेससारखा गोल, आखूड आवाज म्हणजे बंद. एकाच वाद्यावर एकाच वेळी दोन्ही मागाल तर अर्धीमुर्धी जवारी हाती येईल आणि तुम्ही वाद्याला नावं ठेवाल.

मी ठेवली होती. माझ्याकडे एके काळी एबनी बोर्डाचा एक सुरेख बेस होता. त्यावर मी जाड, चपट्या पट्टीच्या फ्लॅटवाउंड तारा चढवलेल्या, नेकला (बोर्ड बसतो त्या दांड्याला) चांगलाच बाक होता आणि तारा उंच, कारण आधीच्या फ्रेटवाल्या बेसवर मला तशीच सवय होती. दोन वर्षं तो काही केल्या गायला नाही. लाकूडच मेलेलं आहे असं ठरवून मी तो विकला. पुढं एका कार्यक्रमात तोच बेस नव्या मालकाच्या हातात ऐकला. त्याने नेक सरळ केली होती, तारा खाली आणल्या होत्या, गोल वळशांच्या राउंडवाउंड लावल्या होत्या. मी पहिल्या रांगेत बसून आपलाच बेस ओळखू शकलो नाही. तेव्हापासून लाकडाबद्दल बोलताना मी जीभ आवरतो.

तर जवारी उघडते कशाने? सगळ्यात आधी नेक जवळजवळ सरळ हवी. फ्रेटवाल्या बेसला थोडा बाक चालतो, इथं तो जितका कमी तितकं बरं. तपासायला तार पहिल्या सुराच्या जागी आणि बोर्डाच्या शेवटी एकदम दाबून धरा आणि मधोमध किती फट उरते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी किंवा त्याहून कमी फट हवी. दुसरं, तार वरच्या सप्तकाच्या जागी, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, बोर्डापासून साधारण दीड ते दोन मिलिमीटर उंच असावी. तिसरं नट, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी. फ्रेट नसल्यामुळे नटच्या खाचा बोर्डाला अगदी लागून खोल कापता येतात आणि कापायलाच हव्यात. बहुतेक वाद्यं कारखान्यातून उंच नट घेऊन येतात, मग खालचे सूर दाबताना बोट दुखतं आणि तार ताणली जाऊन सूर चढतो. आणि बोर्ड सपाट हवा. एखाद्या जागी उंचवटा असेल तर त्याच्या मागचे, नटकडचे सूर खरखरतील, खड्डा असेल तर त्यातला सूर गुदमरेल. यातलं पहिलं आणि दुसरं कुठल्याही बऱ्या वाद्यावर चावी फिरवून साधतं, नट कानशीने. बोर्डाचा उंचवटा मात्र कारागिराकडेच जाईल.

यानंतर तारा. इथं मी सगळ्यात जास्त हट्टी आहे, कारण तारा बदलल्यावर तुमचा बेस जितका बदलेल तितका तो बोर्डाचं लाकूड बदलूनही बदलणार नाही. राउंडवाउंड तारेवर गोल वळसे उघडे असतात. वरचे स्वरांश भरपूर, जवारी सगळ्यात खुली, आणि घसरताना बोटाचा 'स्स्' ऐकू येतो. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते. सूर गोल, आस (सुराचं टिकणं) कमी, घसीट निःशब्द. अर्ध्या घासून सपाट केलेल्या तारा दोन्हींच्या मध्ये कुठंतरी, आणि मला त्या दोन्हींपेक्षा कंटाळवाण्या वाटतात, पण तो माझा दोष समजा. काळ्या नायलॉनच्या तारा म्हणजे धातूवर नायलॉनची पट्टी. त्या मऊ, गुबगुबीत, डबल बेसकडे झुकणाऱ्या. तुमच्या दुसऱ्या बेसच्या धब् धब् मध्ये मोठा वाटा या तारांचा होता. त्याच बेसवर निकेलच्या राउंडवाउंड चढवल्या तर तो बराच बोलका होईल, हेही प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. तरी मी पहिला का म्हणतो, ते पिकअपपाशी येईल.

राउंडवाउंड तारा बोर्ड खातात, ही तक्रार खरी आहे. रोझवुडवर काही वर्षांत बारीक चरे पडतात आणि मग बोर्ड घासून घ्यावा लागतो. स्टीलपेक्षा निकेलच्या तारा जरा दयाळू. आणि एक सवय बदला: फ्रेटवाल्या बेसवर आपण तार आडवी ओढून सूर हलवतो. फ्रेटलेसवर ते करायचं नाही. बोट तारेच्या लांबीच्या दिशेने, व्हायोलिनवादकासारखं, मागं-पुढं झुलवा. सूर जास्त सुंदर हलतो आणि बोर्डावर कानस चालत नाही.

या चऱ्यांमुळेच इपॉक्सीची गोष्ट सुरू झाली. बेसवादक जॅको पास्टोरियसचा १९६२चा फेंडर जॅझ बेस तुम्हाला माहीत असणारच. त्याचे फ्रेट कसे निघाले याच्या कथा त्याने स्वतःच वेगवेगळ्या सांगितल्या, पण बोर्डावर त्याने बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला होता, कारण तो राउंडवाउंड तारा वाजवायचा आणि रोझवुड त्यापुढं टिकत नव्हतं. कडक लेपामुळे आवाजही उजळला, सूर लांबला. १९७६ साली त्याचा पहिला अल्बम आला आणि तेव्हापासून माणसं इपॉक्सीचे डबे विकत घेतायत. पण तो आवाज उलगडून बघा: ब्रिजजवळचा पिकअप पुढं काढलेला, ताज्या राउंडवाउंड तारा, उजवा हात ब्रिजच्या जवळ, आणि कमालीचा स्वच्छ डावा हात. इपॉक्सी यांच्यानंतर येतो. तुमच्या मित्राने शेवटची पायरी पहिली सांगितली.

लाकडाबद्दल आता दोन वाक्यं. एबनी, फिनॉलिक (कडक राळेचा) किंवा लेप दिलेला बोर्ड कडक, त्यामुळे जवारी जास्त धारदार. रोझवुड जरा मऊ, आवाज जरा उबदार. हा फरक आहे, ऐकू येतो, आणि तारांच्या फरकापुढं तो लहान आहे.

पिकअपची जागा मात्र तारांच्या तोडीची. तार मध्याकडे जोरात हलते, तिथं मूळ सूर भरदार ऐकू येतो. ब्रिजजवळ तिचं हलणं आखूड असतं आणि वरच्या स्वरांशांचा वाटा वाढतो. म्हणून नेककडचा पिकअप गोल आणि जाड, ब्रिजकडचा नाकातला आणि बोलका. जवारी ऐकायची तर ब्रिजचा पिकअप हवाच. तुमच्या पहिल्या बेसवर दोन्ही आहेत आणि दोघांना वेगळी व्हॉल्यूमची नॉब आहे, म्हणून मी तो निवडला. एक बारकावा: दोन्ही पूर्ण उघडले की मधल्या पट्टीतले काही स्वरांश एकमेकांना मारतात आणि नेमकं गाणंच खड्ड्यात जातं. पुष्कळ नवे लोक दोन्ही नॉब टोकाला ठेवून 'म्वा येत नाही' म्हणतात. नेकचा थोडा मागं घ्या, आवाज पुढं येईल. नुसता ब्रिजचा ठेवलात आणि पिकअप जुन्या पद्धतीचा एका गुंडाळीचा असेल, तर घरघर ऐकू येईल. तेव्हा विकत घेण्याआधी ते एकदा वाजवून बघा. घरघर न करणारे पिकअप त्याच मापात मिळतात.

पिएझो हे वेगळं प्रकरण. तो तारेचं हलणं न ऐकता ब्रिजवर पडणारा दाब ऐकतो. त्यामुळे छेडण्याचा आघात, बोटाची खसखस, पोकळ शरीराची हवा हे सगळं त्यात येतं आणि ते लाकडी, अकूस्टिक वाटतं. डबल बेसच्या जवळ जायला उत्तम. पण तुम्हाला हवी ती मधल्या पट्टीची लांब आस चुंबकी पिकअप जास्त लाडाने सांभाळतो. अर्धपोकळ बेस आणखी एका कारणाने मला तुमच्यासाठी नको वाटतो: तुमच्याकडे ड्रम्स आहेत, दोन गिटार आहेत, म्हणजे स्टेजवर आवाज मोठा. पोकळ अंग आणि पिएझो मोठ्या आवाजात गुरगुरायला लागतात.

तरी 'गाणारा' म्हणताना तुमच्या कानात नेमकं कोण गातंय ते एकदा स्वतःशी ठरवा. बेसवादक पिनो पॅलाडिनो १९८३ च्या सुमारास गायक पॉल यंगबरोबर म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बेसवर वाजवायचा. एकच जाड हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप), त्यावर सप्तक जोडणारं ऑक्टेव्ह पेडल, आणि सूर मधासारखा. जपान या बँडमधला मिक कार्न वॉल कंपनीचा बेस वाजवायचा. वॉलच्या टोन नॉब साध्या नसतात, त्या फिल्टरसारख्या चालतात, म्हणून तो आवाज तोंडाचा आकार बदलत बोलल्यासारखा, तिरकस आणि नाकातला. गायक पॉल सायमनच्या १९८६ च्या अल्बमवर बकिथी कुमालो आहे, त्याचं फ्रेटलेस गाण्यापेक्षा नाचतं. ही तीन माणसं तीन वेगळे आवाज काढतात आणि तिघांनाही लोक 'फ्रेटलेसचा आवाज' म्हणतात. तुमचा कान कार्नकडे असेल तर दोन पिकअपांचा साधा जॅझ बेस तुम्हाला अर्ध्या वाटेवर सोडेल. जॅकोकडे असेल तर तो थेट दारापर्यंत नेईल. पत्रात 'गळ्यातून' म्हणालात, म्हणून मी जॅको गृहीत धरला.

रेघांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यांची लाज वाटत असेल तर वाटू देऊ नका. ३४ इंची बेसवर नटपासून पहिला सेमीटोन (अर्धा सूर) सुमारे ४८ मिलिमीटरवर असतो आणि सप्तक ओलांडल्यावर पुढचा सेमीटोन २४ मिलिमीटरचा. म्हणजे वर गेलात की चूक दुप्पट महाग. तिथं बोट ३ मिलिमीटर सरकलं तर सूर सेमीटोनच्या आठव्या हिश्श्याने हलतो, आणि दोन गिटारांच्या शेजारी तेवढा कणसूर ऐकणाऱ्याला 'टोन खराब' वाटतो. रेघा टोनला काही करत नाहीत, कानाला मात्र धीर देतात. बोट रेघेच्या मागं नको, बरोबर रेघेवर ठेवा. सहा वर्षांच्या सवयीमुळे ते मागं पडेल आणि पहिला महिना तुम्ही सतत उतराल.

जुन्या बेसचे फ्रेट उपटण्याबद्दल: करू नका, निदान पहिला फ्रेटलेस म्हणून नको. फ्रेट तापवून हळू काढले तरी कडेचं लाकूड कपच्यांनी उडतं. खाचा भरायच्या, बोर्ड सपाट घासायचा. फ्रेट गेले म्हणजे तेवढी उंची गेली, मग नट खाली, ब्रिज खाली, आणि ब्रिज तळाला टेकला तर नेकखाली पाचर. हे सगळं जमलं की मग कळणार की तो बेस मुळात तुम्हाला आवडणारा आहे का. दुसरा फ्रेटलेस म्हणून, टाकाऊ नेकवर, जरूर करा. मजा येते.

आता पुन्हा दुकानात जा. ॲम्पला हात लावण्याआधी पहिला बेस तसाच, न जोडता मांडीवर घ्या. तिसऱ्या आणि चौथ्या तारेवर, सप्तकाच्या खाली-वर, एक सूर छेडा आणि डोळे मिटून पुढचं अर्धं सेकंद ऐका. सूर तोंड उघडतो का? न जोडता जे उघडतं ते जोडल्यावर उघडणारच. मग प्रत्येक तारेवर एकेक सेमीटोन चढत जा, कुठं आस तुटते ते शोधा. सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या जागी एखादा सूर लवकर विझला तर घाबरू नका, बोल्टने जोडलेल्या नेकच्या पुष्कळ बेसवर तिथं मुकी जागा असते. मात्र दोन-तीन ठिकाणी तसं झालं तर ठेवून द्या. जोडल्यावर ॲम्पवरचा बास खाली करा, टोन नॉब अर्ध्यावर, हात ब्रिजकडे, आणि हलकं छेडा. गॅरी विलिससारखा बेसवादक वर्षानुवर्षं हेच शिकवतो: बोट हलकं, आवाज ॲम्पचा. जोराने मारलेली तार बोर्डावर आपटते, चाटत नाही. रेकॉर्डिंग पुन्हा त्याच फोनवर करा. तो तुमचा सगळ्यात खरा सल्लागार निघालाय.

बँडमध्ये आल्यावर एक भांडण ठरलेलं आहे, ते आधीच करून घ्या. तुमची जवारी राहते त्याच पट्टीत दोन्ही गिटारांचा संसार आहे. तुम्ही लांब सूर धरता तेव्हा निदान एका गिटारवाल्याने गप्प बसायला हवं. नाहीतर जगातला कुठलाही बेस आणला तरी समोरच्यांना धब् धब्‌च ऐकू जाईल.

आणि ती दोन गाणी? त्यांच्यासाठी दुसरा बेस नको. ब्रिजचा पिकअप बंद, टोन नॉब पूर्ण खाली, ब्रिजच्या अलीकडे तारांखाली फोमचा एक तुकडा दडपा आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने, नेक जिथं संपते तिथं छेडा. जवारी बंद होईल, सूर आखूड होईल. गाणं संपलं की फोम काढून खिशात ठेवा. तो स्टेजवर हमखास हरवतो, म्हणून दोन तुकडे कापून ठेवा.